अठ्ठावीस दिवसांचा महिना

आपल्या पंचांगकर्त्यांना मी फार मानतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतं हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ना कुणावर खापर फोडलं, ना समिती नेमली. साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घातला आणि हिशेब मिटवला. वर त्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायची सोय ठेवली, त्यामुळे खगोलशास्त्र लोकांच्या तोंडी राहिलं. मोबाइल कंपन्यांनी मात्र या बाबतीत पंचांगालाही मागं टाकलं आहे. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. असे बारा महिने झाले की ३३६ दिवस होतात. उरलेल्या एकोणतीस दिवसांसाठी दरवर्षी न चुकता तेरावा महिना येतो. फरक इतकाच, की या अधिक महिन्यात जावई कंपनी असते आणि सासरा मी.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करणाऱ्यांनी ती रीतसर केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवावा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. तसे प्लॅन निघालेही. पण थाळीच्या हॉटेलात 'भाताऐवजी दहीभात मिळेल' असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं ना, तशातली ती गत. मागणाऱ्याला मिळतो, मागायचं सुचतं कुणाला? आम्ही आपले अठ्ठावीसच्या रांगेत.

मी जन्मभर एका कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. निवृत्त झाल्यापासून तपासायला घरचीच खाती उरली आहेत, आणि घरची माणसं ते सहन करतात. त्यामुळे चिरंजीव एके दिवशी जेवताना म्हणाले, "बाबा, आपण केबलचे पैसे कशाला भरतोय? आपल्या चौघांच्या मोबाइल प्लॅनमध्ये लाइव्ह टीव्ही फुकट आहे!" तेव्हा माझा घास हातातच राहिला. चिरंजीवांनी मला हिशेब शिकवावा हे तर झालंच, पण त्यात 'फुकट' हा शब्द होता. मराठी मध्यमवर्गीय माणसाला 'सवलत' म्हटलं तर तो संशयानं बघतो, 'भेट' म्हटलं तर आत काय आहे ते हलवून पाहतो. 'फुकट' म्हटलं की तो आधी रांगेत उभा राहतो आणि रांग कशाची आहे ते मग विचारतो.

हा शब्द आमच्यासारख्यांच्या घरात शिरला त्याची तारीखसुद्धा सांगता येते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा बाजारात आली आणि आधी डिसेंबरअखेर, मग मार्च २०१७ अखेर, बोलणं आणि इंटरनेट दोन्ही फुकट झालं. त्याआधी एक जीबी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचा आणि तो महिनाभर पुरवायचा असे. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघावं तसं मी 'डेटा बंद केलास का' म्हणून प्रत्येकाला विचारायचो. फुकटची सवय लागली, मग दर आले, आणि आलेले दर मोठे झाले, जशी घरात आलेली पोरं होतात. ३ जुलै २०२४ ला जिओचा दिवसाला दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ झाला. इतरांनीही त्याच आठवड्यात आपापले दर चढवले. आमच्या घरी कुठली कंपनी आहे ते मी सांगत नाही. त्यांच्यात डावं-उजवं करावं इतकं काही वेगळं नाही, आणि उगाच कुणाची जाहिरात किंवा बदनामी माझ्या हातून कशाला व्हावी?

तर प्रस्ताव असा होता: केबल बंद, मोबाइलवरचा टीव्ही सुरू. घरात माणसं पाच. मी, आमची ही, चिरंजीव, कन्या आणि आई. मोबाइल चार. आईकडे मोबाइल नाही. तिला कुणाचा फोन आला की जो जवळ असेल त्यानं आपला फोन तिच्या कानाला लावायचा, अशी पद्धत आहे. वय शहाऐंशी. कान थोडे गेले आहेत, डोळे एका मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर ठणठणीत आहेत, आणि मतं तर मुळातच कधी आजारी पडलेली नाहीत.

टीव्ही फुकट असतो ही कल्पनाच आईला पटत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यातही चित्र दिसायला लागलं. तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, माडीवरच्या डॉक्टरांकडे. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. सगळा वाडा डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. आम्ही पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दारात उभे, म्हणजे 'आम्ही काही बघायला आलो नाही' असं म्हणता यावं. डॉक्टर त्या टीव्हीचं वर्षाचं लायसन्स टपाल कचेरीत भरत. ऐंशीच्या दशकात सरकारनं ते काढून टाकलं. आई वर जाताना दर वेळी वाटीभर काहीतरी झाकून न्यायची. कधी चकल्या, कधी वड्या, आणि महिनाअखेर असली तर नुसते भाजलेले शेंगदाणे. "फुकट कसं बघायचं?" म्हणायची. डॉक्टरीणबाई ती वाटी रिकामी परत देत नसत. माझ्या मते ज्याला आज 'बंडल' म्हणतात, ते हेच.

मग आमच्या घरी आमचा टीव्ही आला, त्याला रंग आले, केबल आली. केबलचा इतिहास मी इथं सांगत बसत नाही, पण २०१९ ची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ट्रायची नवी पद्धत लागू झाली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि ज्या वाहिन्यांना किंमत आहे त्या निवडायच्या, त्यांचे पैसे वेगळे. हेतू उत्तम होता. जेवढं बघाल तेवढंच द्या. केबलवाला छापील यादी देऊन गेला आणि आम्ही पाचजण पेन्सिल घेऊन तिच्याभोवती बसलो. आमच्या लग्नाच्या यादीलाही एवढे रुसवेफुगवे झाले नव्हते. हिनं खूण केलेल्या वाहिन्या मी खोडल्या, मी खूण केलेल्या चिरंजीवांनी खोडल्या, आणि कन्येनं एक कोरियन की काय ती वाहिनी यादीत नसताना खाली हातानं लिहिली. तीन दिवसांनी केबलवाला म्हणाला, "काका, द्या तो कागद इकडे, मी सगळ्यांना देतोय तोच पॅक तुम्हालाही देतो." त्यानंतर नियम आणखी दोन-तीनदा बदलले, पॅक बदलले. सध्या आम्ही महिन्याला साडेतीनशे देतो. वर्षाचे चार हजार दोनशे. हा झाला जमेच्या बाजूला मांडायचा आकडा, म्हणजे केबल तोडली तर वाचणारा.

आता खर्चाची बाजू. ती वरकरणी शून्य होती, आणि शून्य दिसलं की हिशेबतपासनीस सावध होतो.

लाइव्ह टीव्ही फुकट, पण तो येतो डेटावरून. डेटा दिवसाला दीड जीबी. साधंसं चित्र घेतलं तर तासाला अर्धा ते पाऊण जीबी जातो. नटीच्या नथीतला मोती मोजता यावा इतकं स्वच्छ हवं असेल तर दीड-दोन जीबी. म्हणजे साध्या चित्रात रोज दोन-तीन तास, स्वच्छ चित्रात एक मालिका आणि दुसरीची जाहिरात. वीस षटकांचा सामना साडेतीन तास चालतो. तुम्ही म्हणाल, घरी वायफाय घ्या. पण चौघांचे चार डेटा घरात असताना पाचवा विकत घ्यायचा नाही, हा माझाच ठराव आहे आणि तो एकमतानं, म्हणजे माझ्या एका मतानं, मंजूर झालेला आहे.

दीड जीबीची ही योजना मला रेशनकार्डाची आठवण करून देते. ठरलेलं माप, ठरलेला दिवस. पण रेशनचा तांदूळ उरला तर डब्यात तरी राहतो! इथं रात्री बाराच्या ठोक्याला उरलंसुरलं माप जप्त होतं आणि नवीन वाढलं जातं. त्यामुळे आमच्याकडे रात्री साडेअकराला 'माझे चारशे एमबी उरलेत, काय बघू?' असा आवाज येतो. शिळं उरू नये म्हणून माणसं जेवतात, हे मी पाहिलं होतं. डेटा उरू नये म्हणून झोप मोडून पाककृती बघताना मी कन्येला पाहिलं. उलट माप आधीच संपलं तर वेग चौसष्ट केबीपीएसवर येतो. हा वेग निरोपाला पुरतो, टीव्हीला पुरत नाही. चित्र थिजतं आणि वडाला सूत गुंडाळायला निघाल्यासारखा एक गोल त्याच्याभोवती फिरत राहतो.

हे सगळं मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगितलं. ते हसले. त्यांचं हसणं मला आवडत नाही, कारण ते नेहमी योग्य असतं. त्यांनी खिडकीच्या सज्जात दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लावलेली आहे. डिसेंबर २००४ मध्ये निघालेली ही योजना. छत्री आणि पेटी एकदाच विकत घ्यायची, पुढे महिन्याचं भाडं शून्य. आणि फोन त्यांचा बटणांचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि निरोपांचे वेगळे प्लॅन काढायला सांगितलं, तेव्हा त्यांना पेढे वाटावेसे वाटले होते म्हणे. (वाटले नाहीत. तो खर्च झाला असता.) उमेदवारीच्या काळात या गृहस्थांनी टपाल कचेरीच्या खिडकीतून लोकांकडून टीव्हीच्या लायसन्सचे पैसे घेतले आणि आज ते स्वतः टीव्हीचा एक पैसा देत नाहीत. असं पूर्ण आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. फ्री डिशवर सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, जुने सिनेमे दिसतात. पैसे आकारणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत, आणि पुण्याचा जुलैतला पाऊस जोरात आला की कुठलंच काही दिसत नाही. प्रसार भारतीनं २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात, हे मी त्यांना विजयी मुद्रेनं सांगितलं. "आणि डेटा कोण भरणार?" त्यांनी विचारलं. मी खाली आलो.

घरात काहीही बदलण्याआधी ते आठवडाभर करून बघायचं, असा माझा नियम आहे. सोमवारी सकाळी मी केबलच्या पेटीची वायर काढली आणि जाहीर केलं, की रविवारपर्यंत टीव्ही फक्त मोबाइलवर. मग निर्णय.

पहिलीच अडचण अशी, की ॲपवरचं चित्र भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर टाकायला गेलं की पडदा काळा. चिरंजीवांनी तासभर खटपट केली. मोबाइलसोबत फुकट याचा अर्थ मोबाइलवरच फुकट, हे तेव्हा उमगलं. थाळी अमर्याद असते, पण शेजारच्याला वाढायची नसते, तसंच हे.

मग आईसाठी हिचा फोन राखून ठेवला. संध्याकाळी सात वाजता टेबलावर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवलेला फोन, समोर आई. आई मालिका नुसती बघत नाही, चालवते. "अगं, दार लाव, तो येतोय!" असं नायिकेला सांगते. स्वयंपाकघरातून ही विचारते, "काय झालं हो?" मग आई मागचं सगळं कथानक आपल्या दुरुस्त्यांसह ऐकवते. कन्या मध्येच 'आजी, तो तिचा भाऊ आहे' म्हणते आणि आई 'मला नको शिकवू' म्हणते. हे वर्षानुवर्षं चाललेलं. तांब्यासमोर मात्र तिला आवाज पुरेना. म्हणून कन्येनं तिच्या कानात इअरफोन घातले. आता आईला मालिका ऐकू येत होती आणि आम्हाला फक्त आई. एकदम शांततेत 'मेल्या, तुझं वाटोळं होईल' असा आवाज आला की मी दचकून पेपर खाली ठेवायचो. मंगळवारी ऐन रंगात नायिका अदृश्य झाली आणि तिच्या जागी वैयक्तिक कर्ज देऊ करणारी एक बाई बोलू लागली. आईनं तिलाही घरी परत जायचा सल्ला दिला. पाच मिनिटं त्या दोघी बोलत होत्या.

बुधवारी ही आणि कन्या एकच मालिका आपापल्या फोनवर बघत होत्या. नायिकेनं खलनायकाच्या थोबाडीत दिली ती हिच्या फोनवर. दहाएक सेकंदांनी कन्येच्या फोनवर तोच गाल तीच चपराक खात होता. याचं कारण साधं आहे. इंटरनेटवरून येणारं चित्र काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि ते अडखळू नये म्हणून फोन आधी थोडे तुकडे साठवतो, मग दाखवतो. ज्याची जशी साठवण, तसा त्याचा उशीर. केबलच्या मानानं मोबाइलवरचा टीव्ही मागेच. 'लाइव्ह' म्हणायचं, पण माणूस स्टेशनावर उतरून रिक्षात बसल्यावर त्याची गाडी येत असल्याची घोषणा व्हावी, तसं.

चिरंजीवांना हे ठाऊक असायला हवं होतं. २९ जून २०२४ च्या रात्री वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. मोबाइलवर ती स्पर्धा फुकट होती, म्हणून हे महाशय गॅलरीत फोन घेऊन बसलेले. आत आम्ही केबलवर. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. मिलरनं पहिलाच चेंडू उंच मारला, सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला, आम्ही ओरडलो, समोरची इमारत ओरडली, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. आणि गॅलरीतून चिरंजीवांचा आवाज आला, "काय झालं? इथं हार्दिक अजून धावतोच आहे!" देशाला विश्वचषक मिळत असताना हा मुलगा भूतकाळात बसला होता. तरी प्रस्ताव त्याचाच.

मी एकतर्फी बोलतो आहे असं वाटेल, म्हणून हेही नोंदवतो. मोबाइलवरच्या टीव्हीत काही वाहिन्यांचे मागच्या सात दिवसांचे कार्यक्रम पुन्हा बघता येतात. लग्नाला गेल्यामुळे हुकलेला भाग पाहण्यासाठी पूर्वी शेजारणीची मनधरणी करावी लागे. कन्येचा बसमधला तास सुखात जातो. आणि गेल्या वर्षी हिच्या बहिणीचं ऑपरेशन झालं, तेव्हा इस्पितळाच्या बाकावर हिनं तीन रात्री काढल्या. दुसऱ्या रात्री मी डबा घेऊन गेलो तर ही आणि एक अनोळखी बाई एकाच इअरफोनची दोन टोकं दोघींच्या कानात घालून, डोक्याला डोकं लावून, हातभर पडद्यावर नव्हे तर बोटभर पडद्यावर मालिका बघत होत्या. त्या बाईंचा मुलगा आत होता. माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही. त्या रात्रीपुरते त्या प्लॅनचे पैसे वसूल झाले असं मी वहीत लिहिलं आहे.

गुरुवारपर्यंत सगळे सरावले. रात्री साडेआठला दिवाणखान्यात चौघंजण चार फोनांत. चिरंजीव हसायचे तेव्हा ही डोळे पुसत असायची. कन्या दचकायची तेव्हा मी जांभई देत असायचो. खोलीत आवाज फक्त पंख्याचा. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर या घरात सुतक आहे की परीक्षा, ते कळलं नसतं. आईनं 'डोळे दुखतात' म्हणून फोन परत करून टाकला होता.

शुक्रवारी पाहतो तर ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत, भिंतीवरच्या बंद टीव्हीसमोर बसलेली. हात मांडीवर, नजर पडद्यावर.

"आई, तो बंद आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सगळे दिसता यात."

मी तिच्या मागे जाऊन वाकून बघितलं. काळ्या काचेत दिवाणखाना दिसत होता. सोफ्यावर तीन माना खाली घातलेल्या, तीन चेहऱ्यांवर फोनचा उजेड, आणि चौथी माझी रिकामी जागा. "वर कुणी बघत नाही," आई म्हणाली, "पण दिसता."

मी वही उघडली. आईला बाहेर ठेवून हिशेब मांडता येत नव्हता. मुळात केबल घर मोजते आणि मोबाइल डोकी मोजतो. आमच्या घरात एक डोकं जास्त होतं. आईला तिचा वेगळा मोबाइल घ्यायचा तर प्लॅन २९९ चा, वर्षाचे तेरा महिने, म्हणजे ३८८७ रुपये. केबलचे वाचणारे ४२०० वजा ३८८७. शिल्लक ३१३ रुपये. वर्षाला. आठवड्याला सहा रुपये. सहा रुपयांत हल्ली वडापाव सोडा, नुसता पावही जपून मागावा लागतो. शिवाय यात फोनची किंमत धरलेली नाही, तो टेकवायला लागणारा तांब्या धरलेला नाही. शनिवारी चहाच्या वेळी मी हा आकडा वाचून दाखवला. चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, आजीला फोन झाला तर तिला व्हिडिओ कॉलही करता येतील." "कुणाला?" आईनं विचारलं. "तुम्ही सगळे इथंच तर आहात."

यावर कुणी बोललं नाही. निर्णय रविवारी, असं ठरलेलंच होतं.

रविवारी दुपारी आयपीएलचा सामना होता. आईचं क्रिकेट जुनं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकत तिनं गहू निवडलेले आहेत, आणि 'सिली मिड ऑफ' कुठे असतो ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तीन वाजता ती म्हणाली, "या महिन्याचे केबलचे पैसे भरलेत ना?"

"भरलेत."

"मग भरलेले पैसे वाया का घालवतोस? लाव ती वायर."

हिशेबाच्या माणसाला यापुढे बोलायला जागा नसते. मी वायर लावली. पहिल्या तीन षटकांत ही भाजीची परात घेऊन बाहेर आली, सहाव्या षटकाला कन्या आली, आणि चिरंजीव खोलीतून 'स्कोअर काय?' विचारता-विचारता सोफ्यावर येऊन बसले, फोन उपडा ठेवून.

सात वाजत आले असताना दाराची घंटा वाजली. केबलवाला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, हातात पावतीपुस्तक. पूर्वी आमच्या इमारतीत तो चोवीस दारांवर थांबायचा, आता सात दारांवर थांबतो. बाकीच्या काही घरांना त्यानंच आता इंटरनेटची वायर दिली आहे, म्हणून निभतं म्हणतो. आई त्याला चहा देते आणि मालिकांबद्दलच्या सगळ्या तक्रारी त्याच्याजवळ नोंदवते, जणू त्या हाच लिहितो. मी दार उघडलं तर तो उंबऱ्याबाहेर एका हातात फोन धरून उभा, दुसऱ्या हातानं मला थांबायची खूण करत.

"एक मिनिट काका. शेवटचं षटक आहे."

"अरे, तू मोबाइलवर बघतोस?"

"मग काय करू? दिवसभर लोकांच्या दारात असतो. रिचार्जसोबत फुकट आलंय." तेवढ्यात त्याच्या पडद्यावर चित्र थिजलं आणि तो गोल फिरू लागला. त्यानं फोन हलवला, खिडकीकडे धरला, मग माझ्याकडे पाहून जरा ओशाळा हसला. "काका, जरा हॉटस्पॉट देता का? माझं दीड जीबी संपलं."

माझ्या मापातले दोनशे एमबी उरले होते. मी दिले. चित्र पुन्हा हललं. गोलंदाज धावपट्टीच्या टोकाशी चेंडू मांडीवर घासत उभा होता. आम्ही दोघं त्या बोटभर माणसावर डोकी वाकवून उभे राहिलो.

आतून आई ओरडली, "अरे सोडला! हातातला झेल सोडला मेल्यानं!"

"आजी, सांगू नका ना!" केबलवाला कळवळला. त्याच्या फोनवर गोलंदाजानं नुकतं पहिलं पाऊल टाकलं होतं.

"मग बाहेर काय उभा राहिलास?" आई म्हणाली. "आत ये. इथं आधी दिसतं."

त्यानं चपला काढल्या, पावतीपुस्तक माझ्या हातात दिलं, आणि आत जाऊन सोफ्यावरच्या माझ्या जागेवर बसला.